राजहंसांच्या पाणथळीचा कोरडा उन्हाळा

मी एक पाणथळ बोलतेय. नकाशात मी निळी आहे. खरी मी चहाच्या रंगाची.

ऑस्ट्रेलियातल्या मर्रे नदीने मला जन्म दिला. पूर आला की ती काठ ओलांडून मला भरायची, ओसरली की उन्हात ठेवून निघून जायची. वाळले की अंगावर गवत उगवायचं, भिजले की काळे राजहंस उतरायचे. मला दोन्ही आवडायचं.

मग वर बंधारे झाले, पूर थांबले. मी भेगाळून पडले. तेव्हा माझ्या काठच्या मूळ रहिवाशांतल्या व्हर्ना मावशीने आणि तिच्या माणसांनी भांडून मला संरक्षित करून घेतलं. नदीपासून चर खणला, त्याला लोखंडी दरवाजा बसवला आणि तो कायमचा उघडा ठेवला.

"माझ्या पाखरांना आता वणवण नको," मावशी म्हणाली.

किती मायेने बुडवलं त्यांनी मला! सतत पाण्यात उभी राहून काठची निलगिरीची झाडं मेली. लव्हाळे कुजले. गढूळ पाण्यात नुसते कार्प मासे माजले. राजहंस घिरट्या घालून परत जायचे.

मावशीची भाची लेटिशा शहरात शिकून परतली आणि माझी राखण तिच्याकडे आली.

"मावशी, दरवाजा बंद करू. एक उन्हाळा वाळू दे हिला."

"डोकं फिरलंय का तुझं? आम्ही रस्त्यावर बसून पाणी आणलं आणि तू ते तोडणार?"

"हिवाळ्यात परत सोडणार आहेत गं. नदीचं पाणी वाटणाऱ्या कचेरीने शब्द दिलाय."

"शब्दात बदकं पोहतात होय? वरचे द्राक्षमळेवाले एकदा घेतलेलं पाणी सोडतील?"

तरी दरवाजा बंद झाला. इकडे नाताळ भर उन्हाळ्यात येतो; तोवर माझा चिखल उघडा पडला. कार्प मेले; माणसं नाक दाबून जाऊ लागली. मावशी लेटिशाशी बोलेना. पण रोज सकाळी घडीची खुर्ची घेऊन काठावर येई आणि आजाऱ्याच्या उशाशी बसावं तशी बसून राही. मला सांगायचं होतं, बाई गं, मला बरं वाटतंय. भेगांतून हिरवं काहीतरी वर येत होतं.

हिवाळा आला, पाणी आलं नाही. लेटिशा कचेरीत खेटे घालून रडकुंडीला आली. एके सकाळी मावशीने खुर्ची काखेत मारली.

"चल. भांडायला मी येते. तू नुसती शिकलेलं बोल."

पुढे त्या दोघी कचेरीच्या दारातच बसून राहिल्या. शेवटी पाणी सुटलं.

वसंतात माझ्या नव्या लव्हाळ्यात राजहंसांनी घरटं बांधलं. मावशी कमरेएवढ्या पाण्यात शिरली. बाकीची अंडी घरट्यात राखून तिने एकच उचललं. हंगामातलं पहिलं अंडं थोरल्याने खायचं, ही त्यांच्या घरची रीत. तिने ते लेटिशाच्या ओंजळीत ठेवलं.

"हे तुझं, मावशी."

"गप गं. उकड आणि खा. अर्धं ठेव मला."

माझी मेलेली झाडं परत आली नाहीत. पण आज माझ्यात पिल्लं पोहतायत. माझ्यावर माया करणाऱ्यांनो, पुन्हा एखाद्या उन्हाळ्यात मी कोरडी दिसले तर घाबरू नका. थोडं थांबा. मी मेलेली नसेन. पाखरांसाठी गवत पिकवत असेन.