जम्बो गेल्यावर

"कौलं चाळलीत की पत्ते मांडलेत, देव जाणे," पार्टिशनपलीकडून चंपा पुटपुटली. मुद्दाम एवढ्याच हळू, की रत्नप्रभाला ऐकू जावं.

चंपा तिची मोठी जाऊ. गेल्या महिन्यात कौल पडून तिच्या डोक्याला चार टाके पडले. कौलं चाळणारा रत्नप्रभाचाच नवरा, गुणाजी. विमानतळाला लागून असलेल्या साकीनाक्याच्या अर्ध्या टेकडीची छपरं त्याच्या हातची. तेव्हापासून त्याला कुणी बोलवेना आणि तोही शिडीला हात लावेना. पूर्वी तो दारू घ्यायचा. सोडून पाच वर्षं झाली. त्या दिवसाबद्दल त्याच्या तोंडावर कुणी चकार शब्द काढत नव्हतं. नुसते वास घेत जवळून जायचे.

"विमानानं उचललं असेल," रत्नप्रभा म्हणाली, तर चंपाचा नवरा, थोरले दीर काशीराम हसले. "विमान जाईस्तोवर आपण भांडी धरून बसतो ना गं? कौल नंतर पडलं."

नंतर! तिथंच तिचं डोकं अडकलं.

तिनं आढ्यावर तीन काठ्या बांधल्या, काठ्यांना लाल लोकर. मांडीवर गजराचं घड्याळ, पुढ्यात तांदळाचं सूप. अकरा दिवस ती खडे आणि सेकंद वेचत बसली. वारा असला तर काही नाही. लहान विमानाला लोकर पेंगलेलीच. पण पडलेल्या हवेत चार इंजिनांचा जम्बो गेला, आवाज विरला, बायकांनी झाकणं सोडली, की मग लोकर भिंगरीसारखी फिरायची.

रविवारी सकाळी पान हलत नव्हतं. तिनं काशीरामांपुढे शिडी उभी केली.

"भावोजी, कौलं आधी तुम्हीच दाबून बघा."

त्यांनी ओळ न् ओळ दाबली. "पक्की आहेत गं," म्हणत उतरले.

जम्बो डोक्यावरून गेला. कौलं जागच्या जागी.

"झालं तुझं?" चंपा उठली.

"बसा वहिनी. भावोजी, मोजा."

गुणाजी दारात येऊन उभा राहिला. काशीराम मोजत होते. अडतीस, एकोणचाळीस… विमानामागं सुटलेला वारा भोवरा होऊन आत्ता खाली उतरला, फोडणीत पाणी पडावं तसा आवाज आला. लोकर गरगरली. भात उतू जाताना झाकण उचलावं तशी कौलांची अख्खी ओळ उचलली आणि खडखडत खाली बसली.

 चंपाचा हात डोक्यावरच्या टाक्यांच्या खुणेकडे गेला.

"गुणाजी," ती म्हणाली, "आम्ही समजलो, तू पिऊन चढलास."