वडीलधारे साक्षीदार

सोमनाथने पट्टी ठेवून स्वतःची सही मोजली. निवृत्तीच्या वर्षी बँकेच्या फॉर्मवर केलेली सही साडेपाच सेंटिमीटर भरली. सही जुळत नाही म्हणून परवा बँकेने परत केलेल्या स्लिपवरची भरली सव्वातीन. अक्षरं तीच होती, क्रमही तोच. फक्त पहिलं अक्षर मोठं आणि पुढची बारीक होत एकमेकांना चिकटलेली.

तीस वर्षं पोरांना विज्ञान शिकवलेल्या माणसाने दोन मोजमापांवर निष्कर्ष काढला नाही. त्याने मधल्या वर्षांतल्या आणखी चार सह्या शोधल्या. दर वर्षी थोडी थोडी ती आखडत आली होती. हाताला कंप सुटतो म्हणून महिन्यापूर्वी तो नारायणगावच्या डॉक्टरांकडे गेला होता. कंपवाताची सुरुवात आहे, गोळ्या घेतल्यात तर अजून बरीच वर्षं चांगली जातील, असं ते म्हणाले होते. वर्षं जातील, पण सहीचं काय? उद्या कुणी म्हणालं, म्हाताऱ्याचा हात धरून कागद करून घेतला, तर?

तरी त्याला मोठी काळजी नव्हती. मृत्युपत्र त्याने बारा वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं होतं, सही चांगली होती तेव्हा. रविवारी मंचरहून तेजस्विनी आली, तेव्हा त्याने पेटीतून तो कागद काढून तिच्या हातात दिला. ती त्याची धाकटी मुलगी, दवाखान्यात नर्स.

तिने कागद आधी उलटा करून शेवट पाहिला. "अण्णा, साक्षीदार गेणभाऊ आणि रामनाथ गुरुजी?"

"गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं."

"होतं. गेणभाऊंच्या दहाव्याला तुम्हीच गेला होतात. आणि गुरुजींना जाऊन दोन वर्षं झाली."

सोमनाथने वाकून साक्षीदारांच्या सह्या पुन्हा पाहिल्या.

"लिहिलं तेव्हा गेणभाऊ किती वर्षांचे होते?"

"चौऱ्याहत्तर."

"आणि तुम्ही अठ्ठावन्न."

ओट्याजवळ मेथी निवडत बसलेली जानकाबाई खुदकन हसली. सोमनाथची धाकटी बहीण. सोमनाथची बायको गेल्यापासून या घरात तिचीच चूल, तिच्याच शेळ्या. "लग्नपत्रिकेत टाकत्यात तशी थोरामोठ्यांची नावं टाकलीस की रं दादा! आता साक्षीला त्यास्नी वरनं बोलावनं धाडा."

तेजस्विनीला हसू आवरेना. सोमनाथही हसला, पण त्याचे कान तापले. ज्याने आपल्या पश्चात जिवंत असायला हवं, असा माणूस त्याने स्वतःपेक्षा सोळा वर्षांनी मोठा निवडला होता, निव्वळ मानाखातर. वर्गात एखाद्या पोराने असं गणित मांडलं असतं तर त्याने कान धरला असता.

"तसं साक्षीदार गेले म्हणून कागद लगेच रद्द होत नाही," तेजस्विनी म्हणाली. तिची मैत्रीण जया वकील होती. विचारून आली असावी. "पण खरा ठरवताना जड जातं. आणि हे बघा." तिने बोट ठेवून वाचलं, "'माझी बहीण जानकाबाई हिला मुलांनी शेवटपर्यंत प्रेमाने सांभाळावे.' मग आत्याला काय दिलंय?"

"तेच की."

"हे आम्हाला सांगितलंय. आत्याला यात काहीच नाही. मुलं असताना बहिणीला कायद्याने वाटा येत नाही, अण्णा. तुमचं घर, तुमचं शेत, सगळं तुमच्या पगारातलं. तुम्ही लिहाल तरच तिला मिळेल."

जानकाबाईची मेथी निवडणारी बोटं थांबली नाहीत. मान मात्र खाली गेली.

दुपारी मुलगा राजरत्न आला, चाकणच्या कंपनीतून रात्रपाळी करून थेट. जेवणं झाल्यावर तेजस्विनीने त्याच्यापुढे विषय काढला. तो ऐकत गेला तसा त्याचा चेहरा उतरला.

"म्हणजे मी आत्याला घराबाहेर काढीन, असं वाटतं तुम्हाला?"

"तसं कोण म्हणतंय?" सोमनाथ म्हणाला.

"मग कागद कशाला? आपल्या गावाजवळच्या धरणावर शनिवार-रविवारी पुण्याची माणसं येतात. वर दोन खोल्या बांधायच्या, भाड्याने द्यायच्या, हे मी तुम्हाला दिवाळीपासून सांगतोय. घर माझ्या नावावर येईल, या हिशेबानेच चाललोय ना मी? आत्या काय, खाली आहेच."

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. लहानपणी तापात हा पोरगा आईकडे नाही, आत्याकडे झोपायचा. सोमनाथला हे माहीत होतं.

उत्तर जानकाबाईने दिलं. तिने पदराला हात पुसले.

"राजा, माझा सासरा लई चांगला माणूस व्हता. आमचे मालक गेले तवा चार मान्सांत म्हनला, ह्या घरातली एक खोली जानकाची. कुनी नाय म्हनलं न्हाई. दिरानंबी मान डोलावली. मंग सासरा गेला. दोन वर्सांनी दिराची पोरं धाव्वीला आली, त्यास्नी अब्यासाला खोली पायजे झाली." ती जरा थांबली. "दीर वाईट नव्हता रं. पोरं मोठी झाली, येवढंच."

ही गोष्ट राजरत्नने कधी ऐकली नव्हती. आत्या नेहमी इथेच होती. ती कुठून तरी आली असेल, हे त्याच्या मनातच आलं नव्हतं.

"मग असं करा," तो म्हणाला, आवाज खाली आणून. "आत्याला हयात असेपर्यंत राहण्याचा हक्क लिहा. मी सही करतो कुठं लागेल तिथं."

वाट बरी होती. कुणाचं मन मोडणारी नव्हती. सोमनाथ 'हो' म्हणायच्या बेतात होता. पण बारा वर्षांपूर्वीही त्याने दुसरंच वाक्य आधी लिहिलं होतं आणि मग खोडलं होतं. मुलगा असताना घर बहिणीला दिलं, असं गाव म्हणेल, म्हणून. हे घर उभं राहत होतं तेव्हा तो शाळेत असायचा. एकवीस दिवस सकाळ-संध्याकाळ भिंतींना पाणी मारलं ते जानकाने, घागर कमरेवर घेऊन, हे मात्र कुठल्याच कागदावर नव्हतं.

"जानका," त्याने विचारलं, "तुला काय पाहिजे?"

तिने मान वर केली. "छत्तीस वर्सं झाली, दादा. आज इचारलंस."

"आज विचारलं. सांग."

"ऱ्हायला दिलेली खोली म्या येकदा बघितलीया." तिने एवढंच सांगितलं आणि ओट्याजवळ सकाळपासून पडलेल्या मेथीच्या काड्या गोळा करायला लागली.

तेजस्विनी राजरत्नकडे बघत होती. राजरत्न जमिनीकडे. त्याने हळूच आत्याच्या हातातल्या काड्या घेतल्या आणि बाजूच्या सुपात टाकल्या.

सोमनाथने कंप सुटलेला उजवा हात डाव्या हाताने धरला आणि दोघांना ऐकू जाईल असं स्पष्ट म्हणाला, "शेत तुम्हा दोघांचं, निम्मंनिम्मं. घर जानकाचं. राहण्यापुरतं नाही, मालकीचं. मंगळवारी जुन्नरला जाऊन नवं मृत्युपत्र नोंदवून टाकू."