एकाच माणसाचं पाणी

भर उन्हात स्पिरिटची ज्योत दिसत नाही. दिसते ती तिच्यावरची हवा. भांड्याच्या काठाशी ती किंचित हलते आणि पलीकडच्या भिंतीवरचा सरळ तडा वाकडा करून दाखवते. त्या तड्यावर नजर ठेवून ती गॅलरीत उकिडवी बसली होती. तडा थरथरत होता, म्हणजे चूल चालू होती.

चूल म्हणजे काय, तर शीतपेयाच्या डब्यांचे दोन बुडखे एकात एक बसवलेले आणि कडेने सुईने पाडलेली भोकं, आत ओतलेलं स्पिरिट. तळहातावर ठेवली तर हाताला पत्ता लागत नसे. शेजारीच तिची सवत होती: पत्र्याची घडीची तिवई. तिच्यात खडूच्या तुकड्यासारखी पांढरी इंधनाची गोळी ठेवायची आणि काडी ओढायची. आठवडाभराचं घर पाठीवर घेऊन खिंड ओलांडायची तर दोन्हींतली एकच न्यायची होती. कुठली, एवढ्यावर घोडं अडलं होतं, आणि ते अडून उन्हाळा सरला, झाडंही निम्मी उघडी पडली.

ती पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. एका नमुन्यावरून निकाल द्यायचा नाही आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे तिच्या अंगात भिनलं होतं. त्यामुळे आधी वारा नसताना, मग वाऱ्यात, मग झाकण ठेवून, मग काढून, मग फ्रिजमधलं गार पाणी घेऊन. गोळी गरीब स्वभावाची, निमूट जळायची, पण वास शिळ्या माशासारखा आणि भांड्याच्या बुडाला चिकट काजळी. स्पिरिट स्वच्छ, चपळ. मात्र लवंडलं की संपलंच.

"झाली का भातुकली?" सासूबाईंनी आतून विचारलं. "माझं भांडं काळं केलंस तर तूच घासायचं हं!"

"तुमचं नाहीये आई, माझं आहे."

"घासायची वेळ येते तेव्हा सगळी माझीच असतात."

ती उठली, गॅलरीच्या टोकापर्यंत गेली, परत आली, पुन्हा बसली. सकाळपासून हेच चाललं होतं. वर डोंगरातल्या चौकीवर तिने फोन केला होता. पुढच्या आठवड्याच्या शेवटी बर्फ पडेल असा अंदाज आहे, आणि एकदा पडला की खिंड थेट वसंतातच उघडते, असं तिथल्या माणसाने सांगितलं होतं. रजा मंजूर होती. बूट तेल लावून दाराशी ठेवले होते. येता-जाता ती त्यांनाच अडखळत होती.

आजवर प्रत्येक वर्षी ती नवऱ्याबरोबर गेली होती. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, दणकट गडी. गॅसची जड शेगडी आणि सिलिंडर तो हसत हसत वाहायचा, त्यामुळे हलक्या चुलीचा विचार कुणाला सुचलाच नव्हता. गेल्या वर्षी तिकडून परतल्यावर तो कामावर घसरला आणि गुडघा गेला. ऑपरेशन झालं, डॉक्टर खूश झाले, आणि गुडघा ठणठणीत असल्याचं तो भेटेल त्याला सांगू लागला. पण जिना चढताना तो आता प्रत्येक पायरीवर आधी उजवाच पाय टाकायचा आणि डावा मागून ओढून आणायचा. हे तिने पाहिलं होतं. तिने पाहिलंय हे त्याने पाहिलं होतं. त्यावर दोघांपैकी कुणी चकार शब्द काढला नव्हता. बोलणं व्हायचं ते चुलीवर.

"आधी चूल ठरू दे," तो म्हणायचा, "मग तारीख काय, चुटकीसरशी ठरवू." आणि चूल ठरत आली की तो नवं खुसपट काढायचा.

आताही तो स्टूल घेऊन बाहेर आला. डावा पाय लांब करून बसला आणि पाणी उकळलेलं बघून त्याने भांडं उतरवलं. मग बुडखा उचलायला हात पुढे केला.

"हात मागे घे!" ती ओरडली.

"अगं विझलाय की तो."

तिने वर्तमानपत्राचा कपटा बुडख्यावर धरला. कपटा क्षणात काळा पडला आणि पेटला.

"बापरे," तो म्हणाला. "तुझ्यासारखाच आहे हा. आत काय चाललंय, बाहेर काही कळत नाही."

ती हसली नाही. त्याने बोटं उगाचच शर्टाला पुसली. "बरं, पहाटेच्या गारठ्यात करून बघितलंस का? तिकडे पहाटच महत्त्वाची."

"बघितलंय."

"मग ओल्या जमिनीवर?"

तेवढ्यात सासूबाई वाळलेले कपडे काढायला आल्या. तिने उकळलेलं पाणी मोठ्या पेल्यात ओतलं. पेला काठोकाठ भरला, भांड्यात थेंब उरला नाही.

"हे किती माणसांचं गं?" सासूबाईंनी विचारलं.

"दोघांचं," ती सवयीने म्हणाली.

"दोघांचं कसलं? पेला तर एकच भरला. इतके दिवस बघतेय, एकच भरतो. मी म्हटलं, असेल बाई काहीतरी शास्त्र."

तिने मोजपात्र उचलून उन्हात धरलं. पहिल्या दिवशी केलेली पेनाची खूण तशीच होती. बाकी सगळं बदलताना पाणी मात्र तेवढंच ठेवायचं, म्हणून रोज त्याच खुणेपर्यंत. वारा, झाकण, गारठा, सगळं तिने पारखून घेतलं होतं. फक्त पहिल्या दिवशी ही खूण एका माणसापुरती का केली, हे स्वतःला विचारलं नव्हतं. कामावर एखाद्या पोरीने असा घोळ घातला असता तर तिने तिला दिवसभर सोडलं नसतं.

"म्हणजे सगळं मुसळ केरात!" नवरा म्हणाला. "पुन्हा पहिल्यापासून आलं. दोघांच्या पाण्यावर." त्याच्या आवाजात सुटका होती. ती लपवायचंही त्याला सुचलं नाही. खांदे सैल पडले, हात आपसूक गुडघ्यावर गेला आणि चोळू लागला.

तिने त्या हाताकडे पाहिलं. पुन्हा पहिल्यापासून करायचं तर बर्फ पडून जाणार. मग कुणालाच काही बोलावं लागणार नव्हतं, ना त्याला, ना तिला. वसंतात पुन्हा चूल ठरवता आली असती.

सासूबाई दोरीवरचा टॉवेल हातात घेऊन तिथेच थांबल्या होत्या.

ज्योत विझवायला तिने एक रिकामी डबी बुडख्यावर पालथी घातली. जराशाने भिंतीवरचा तडा सरळ झाला. मग तिने पत्र्याची तिवई घडी करून पेल्याच्या आकाराच्या भांड्यात ठेवली, तिच्यावर गोळ्यांचं पाकीट. सगळं आत मावलं, झाकणही बसलं.

"पुन्हा काही करायचं नाहीये," ती म्हणाली.

"अगं, पण दोघांच्या पाण्याला एक गोळी पुरायची नाही..."

"नाही पुरत. एकाच्या पुरते." तिने झाकण घट्ट दाबलं. "मी गोळ्याच नेते. परवा सकाळी निघते. आणि या वेळी मी एकटी जाते."