अर्ध्या पिशव्यांची भिंत

मित्रांनो, मी अग्निशमन दलाची एक जुनी शिडी आहे. फर झाडाचं लाकूड, चौदा पायऱ्या आणि थोडासा गर्व. का नसावा? शिंपल्यांपासून शर्टाच्या गुंड्या बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या अकरा बायका माझ्यावरून सुखरूप उतरल्या. त्यानंतर कित्येक वर्षं चार जुलैच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या, मिरवणुकीत मला बंबावर सजवून मिरवत. पोरं टाळ्या वाजवत आणि मी फुलून जाई.

मग ॲल्युमिनियमच्या शिड्या आल्या. दलाचे प्रमुख व्हर्लिन हॅगेडॉर्न यांनी मला नगरपालिकेच्या शेडमध्ये टांगून टाकलं. पुढे ते निवृत्त झाले, तरी अख्खं गाव त्यांना 'चीफ' म्हणे. माझं नाव मात्र कुणी काढीना. वीस वर्षं कोळ्यांनी माझ्यावर संसार थाटले. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

एका एप्रिलमध्ये उत्तरेकडचं बर्फ एकदम वितळलं आणि नदी चढू लागली. आमचं पंपघर अगदी काठावर. ते बुडालं असतं, तर इस्पितळापासून शाळेपर्यंत सगळे नळ कोरडे पडले असते. पंपघर सांभाळणारी आर्डिस कोपेक शेडमध्ये धावत आली आणि तिने मला खांद्यावर घेतलं.

आयुष्यभर उभी राहिलेली मी, त्या दिवशी सुतार लाकूड कापायला ठेवतात त्या लाकडी घोड्यांवर आडवी झाले. वाहतूक अडवायला रस्त्यावर ठेवतात ते नारिंगी शंकू आर्डिसने माझ्या पायऱ्यांमध्ये नरसाळ्यासारखे उलटे खोवले. वरून फावड्याने वाळू टाकायची, खाली पिशवी धरायची. निम्मं गाव जमलं. चर्चच्या बायकांनी हॅम सँडविच आणि कॉफी आणली. चीफ माझ्या टोकाशी उभे राहून ओरडत होते, "गळ्यापर्यंत भरा! आपल्या गावात अर्धं काम कुणी करत नाही!"

दुपारपर्यंत आठशे पिशव्या भरल्या. सगळ्या टम्म, तोंडं करकचून बांधलेल्या. पंपघराभोवती त्यांची भिंत उभी राहिली आणि खालून पाणी झिरपू लागलं.

आर्डिस भिंतीपाशी वाकली. "चीफ, या पिशव्यांना ढेऱ्या सुटल्यात. ढेरपोटी माणसं बाकावर बसवली की मध्ये फटी राहतात ना, तसं झालंय. पिशव्यांसोबत आलेला सूचनांचा कागद वाचला नव्हता का तुम्ही?"

"वाचला होता," चीफ म्हणाले. "अर्ध्या भरा, तोंड नुसतं दुमडा, असं लिहिलं होतं. मला वाटलं, कामचुकारांसाठी लिहिलंय."

"अहो, अर्धी पिशवी पसरते, शेजारणीला चिकटून बसते. आता काय करायचं? पंप थांबला तर मी इस्पितळाला काय तोंड दाखवू?"

चौऱ्याहत्तर वर्षांचे चीफ एका पालथ्या बादलीवर चढले.

"ऐका रे! चूक माझी आहे. कागदावर बरोबर लिहिलं होतं, मीच ऐकलं नाही. सगळ्या पिशव्या सोडायच्या, अर्ध्या करायच्या आणि भिंत पुन्हा रचायची. पहिली मी सोडतो."

सगळ्यांचे हात सोलवटले होते. मग किराणा दुकानवाली लोरेन म्हणाली, "बरं झालं, चीफ! आता वाळू तरी दुप्पट पुरेल." लोक हसले आणि गाठी सोडायला बसले. कुणी कुरकुर केली नाही. माणसांचं मला इतकं कौतुक कधी वाटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पाणी भिंतीच्या माथ्याखाली चार बोटांवर येऊन थांबलं. पंप एक मिनिटही बंद पडला नाही. आर्डिसने चीफना घट्ट मिठी मारली आणि ते लाजून लाल झाले.

मित्रांनो, वाळूच्या भाराने माझी सहावी पायरी तडकली आहे. तेवढी बदलून घ्या आणि वर्षातून एकदा तेलाचा हात फिरवा. नदी पुन्हा चढेल, तेव्हा भर गर्दीत 'चूक माझी' म्हणू शकणारं एक माणूस माझ्यापाशी उभं असू द्या. शिडी काय, तुम्हाला कुठेही मिळेल.