सतरा नंबरचं पिल्लू

प्रयोगशाळेत कासवाची वीस पिल्लं होती आणि त्यांचं खाणंपिणं बघायला मावशी होती. दहा पिल्लांना वाढीच्या हार्मोनचं इंजेक्शन, दहांना नुसतं मिठाचं पाणी. इंजेक्शनवाल्यांना अशी खा-खा सुटली की महिन्याभरात ती दुप्पट झाली. मावशी त्यांना टोणगे म्हणायची. मिठाच्या पाण्यावरची आपली जेमतेम, आणि त्यातही सतरा नंबर म्हणजे अगदीच पाप्याचं पितर.

प्रयोग करणाऱ्या मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "शेवटी हाडं तपासायला दोन्ही गटांतलं एकेक कापावं लागेल. बाकीची तळ्यात सोडू."

कोणतं, ते मावशीने विचारलं नाही. त्यात विचारायचं काय? जगात बळी जातो तो दुबळ्याचाच. तिचं धाकटं लेकरूही असंच अंग न धरता गेलं होतं. आता सतराला तरी जाऊ द्यायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं.

रोजचं मोजलेलं खाणं घालून झालं की ती घरून आणलेला उकडलेला मासा बोटावर धरायची. सतरा मान लांब करून तो घ्यायचं. पाण्यात कण सांडला तर मावशी तोही टिपून घ्यायची. या हाताचं त्या हाताला कळू दिलं नाही तिने.

दहाव्या, म्हणजे शेवटच्या आठवड्यात वजनं झाली. मॅडम हरखल्याच. "मावशी, सतरा बघा! इंजेक्शन नाही, काही नाही, आणि गटात सगळ्यांत मोठं! आता याचीच हाडं बघायला हवीत."

मावशी टाकीच्या आड येऊन उभी राहिली. "अहो मॅडम, त्याला मी चोरून खाऊ घातलंय. रोज. घरून मासा आणून!"

मॅडमचा आवाज मऊ झाला. "तुमचा जीव आहे त्याच्यावर, मला माहीत आहे. पण त्यासाठी असं खोटं नका बोलू, नोकरी जाईल. मी रोज टाकी बघते, मावशी. एक कण तरी दिसला असता."

मावशीने शपथा घेतल्या, हात जोडले. मॅडमनी हातमोजे चढवले.

"तुम्हीच आणा त्याला. तुमच्या हातात शांत राहतं."

मावशीने टाकीत हात घातला. आपण भरवलं नसतं तर हे आज तळ्यात गेलं असतं, एवढंच तिच्या मनात होतं, आणि ते सहन होत नव्हतं. बोट दिसताच सतराने मान लांब केली, तोंड उघडलं आणि वाट बघत राहिलं.