खालच्या फांदीवरचं तापमान

मी एक तापमापक बोलतोय. हातातल्या घड्याळाएवढी गोल तबकडी, एक तांबडा काटा आणि पाठीला हुक, एवढाच माझा संसार. मी आयुष्यात कधी खोटं बोललो नाही. तरीही माझ्यामुळे एक जीव भाजला. हे कसं झालं ते मला अजून नीट कळलेलं नाही. तुम्हाला सांगता सांगता कळलं तर बघू.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे मला एकदा बर्फात, एकदा गरम पाण्यात बुडवलं आणि पास केलं. मग अमेरिकेत मोठ्या सरोवराकाठी वसलेल्या डुलुथ गावातल्या प्राण्यांच्या एका दुकानात मी बरेच महिने खिळ्याला लटकून होतो. तिथून लॉर्नाने मला घरी नेलं. शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म काढून ती नुकतीच निवृत्त झाली होती. लेक लग्न होऊन लांब टेक्ससला गेलेली. शेकडो पोरांना वाढायची सवय असलेल्या हातांना आता जेवायला घालायला उरला एकटा नवरा, आणि तोही मितभाषी. तिला कुणाचं तरी करायला हवं होतं. म्हणून तिने एक हिरवा सरडा आणला, रंग बदलणारा. त्याचं नाव ठेवलं पिकल, म्हणजे बरणीतली लोणच्याची काकडी. दिसायचाही तसाच.

दुकानदाराने बजावलं होतं, वरच्या फांदीवर पंच्याऐंशी अंश ठेवा. इथले अंश तुमच्या तापाच्या थर्मामीटरचेच, शंभर म्हणजे ताप. लॉर्नाच्या लक्षात पंच्याऐंशी राहिलं आणि फांदी निसटली. मला तिने जाळीच्या पिंजऱ्यात अगदी तळाशी, खिडकीच्या बाजूला अडकवलं, कारण खुर्चीत बसल्या बसल्या मी तिला चष्म्याशिवाय दिसायचो. सरोवरावरचा गार वारा खिडकीच्या फटीतून थेट माझ्या पाठीवर यायचा. मी अडुसष्ट दाखवायचो. होतंच तेवढं, मग दुसरं काय दाखवू?

लॉर्ना हळहळायची. घरातला हीटर जरा वाढव, असं तिने नवऱ्याला सांगून पाहिलं. पण हीटरचं भिंतीवरचं बटण म्हणजे नवऱ्याची, आर्व्हिडची जहागीर. या गावात बहुतेक घरांत ते बापाच्याच ताब्यात असतं, आणि आर्व्हिड तर बोटींमध्ये खनिज भरत बंदरावरच्या वाऱ्यात म्हातारा झालेला. वर्तमानपत्रातून डोकं न काढता तो म्हणाला, "थंडी वाजत असेल तर त्याला म्हणावं, स्वेटर घाल."

हे वाक्य बायकोने आणि लेकीने उभा जन्म ऐकलं होतं. लॉर्ना भांडली नाही. तिने पिंजऱ्यावर ऊब देणारा मोठा दिवा आणून लावला, मग त्याहून मोठा. तीन बाजूंनी गोधडी गुंडाळली. रात्रीही दिवा चालूच. मी रखडत बहात्तरवर गेलो. "अजून नाहीच," असं म्हणून ती माझ्याकडे बघायची आणि मला परीक्षेत नापास झाल्यासारखं वाटायचं.

वर काय चाललंय ते मला दिसायचं, पण उमजायचं नाही. पिकलचा हिरवा रंग उडून तो पांढुरका पडला. तोंड वासून बसायला लागला. लॉर्नाला वाटलं, भूक लागलीय. ती किडा पुढे धरायची आणि तो तोंड फिरवायचा. मग एक दिवस तो फांदी फांदी करत खाली उतरला आणि माझ्याशेजारी डोळे मिटून बसला. मला वाटलं, सोबतीला आला. बावळटच मी.

त्या दिवशी लॉर्ना रडली. "हा गेला तर मी या घरात पुन्हा काही पाळणार नाही," ती आर्व्हिडला म्हणाली. "तुझ्या त्या बटणापायी मरतोय तो."

आर्व्हिड उठला आणि खरोखरच भिंतीकडे गेला. बटण फिरवलं. मग फरक किती पडतो ते बघायला पिंजऱ्याशी आला. तळाशी त्याला आकडे दिसेनात, म्हणून त्याने मला काढलं आणि दिव्याखाली, वरच्या फांदीजवळ धरलं.

माझा काटा सुसाट सुटला. नव्वद, शंभर, त्याच्याही पुढे. मी घाबरलो. तोच मी, तोच काटा, मग हे काय?

"बिघडलं वाटतं ते," लॉर्ना म्हणाली. मलाही तसंच वाटत होतं.

आर्व्हिड स्वतःच्या लाल झालेल्या हाताकडे बघत होता. "लॉर्ना, इथे हात धर."

तिने धरला आणि झटकन मागे घेतला. मग ती खाली वाकली. पिकलच्या पाठीवर एक तपकिरी डाग होता. रंग बदलत असेल, असं समजून तिने तो सोडून दिला होता.

"मी त्याला भाजत होते," ती म्हणाली.

"तू एकटी नाहीस. मी तुझ्यावर मात करायला बसलो होतो, त्याच्याकडे बघितलंच नाही."

प्राण्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, जखम भरेल, व्रण राहील. दिवसा वरच्या फांदीवर पंच्याऐंशी, आणि रात्री सगळे दिवे बंद. या घरातली रात्रीची थंडी त्याला मानवते, झोपेसाठी ती हवीच. लॉर्नाने दोनदा विचारलं, रात्री खरंच काहीच नको? डॉक्टर म्हणाले, काहीच नको.

आता मी वरच्या फांदीशेजारी असतो. पिकल पुन्हा हिरवा झालाय, किडे मटकावतो. पण माझा गोंधळ काही मिटलेला नाही. खालीही मी खरंच बोलत होतो आणि वरही खरंच बोलतोय. म्हणून एवढंच मागणं आहे, माझ्यासारख्याला घरी आणाल तर जीव जिथे बसतो तिथे मला लावा. तुम्हाला जिथून सोयीचं दिसतं तिथे नको.

संध्याकाळी दिवा बंद झाला की माझा काटा उतरत उतरत पासष्टवर येतो. पिकल शेपटी गुंडाळून झोपी जातो. लॉर्ना पिंजऱ्याशी येऊन उभी राहते. जन्मभर सगळ्यांना ऊनऊन वाढलेली बाई ती. तिचा हात दिव्याच्या बटणाकडे जातो, थांबतो, मागे येतो. काही न करणं तिला फार जड जातं, हे मला दिसतं. आता पिकल माझ्या अगदी शेजारी झोपतो, म्हणून एवढं तरी मी खात्रीने सांगू शकतो. लॉर्ना, तो बरा आहे. जा, तूही झोप आता.