पाठ टेकवायला शिकवणारा

कोण किती वेळ कशावर बोललं हे मोजायची मला खोड आहे. अठ्ठावीस वर्षं सूतगिरणीत टाइमकीपर होतो. गिरणी बंद पडली, खोड चालू राहिली. तिच्याच भरवशावर सांगतो, पहिल्या दिवशी महेश्वर सर एका तासात एकेचाळीस वेळा 'मी' म्हणाले. बिलाल सर त्याच तासात एकूण एकोणीस वाक्यं बोलले आणि त्यातले चौदा प्रश्न होते. मी तेव्हाच निकाल लावून टाकला. महेश्वर सर कोच, बिलाल सर चौकशीची खिडकी.

हे दोघं एका रिअ‍ॅलिटी शोचे कोच. शो एमएमएचा, म्हणजे बुक्की, लाथ आणि कुस्ती सगळं चालतं त्या खेळाचा. अक्कलकोट रोडला एका रिकाम्या यंत्रमागाच्या शेडमध्ये जाळीचा आठ कोनांचा आखाडा उभा केला होता. सोळा मुलींना शेजारच्या इमारतीत ठेवलं होतं, आठ एका कोचच्या, आठ दुसऱ्याच्या. शेवटच्या चौघींना पुण्यात वर्षभराचं ट्रेनिंग मिळणार होतं. त्या सोळांत आमची दीक्षा होती.

दीक्षा तेवीस वर्षांची, तालमीच्या लाल मातीत वाढलेली. निघताना तिनं आईला सांगून ठेवलं होतं, शेवटच्या चौघींत आले नाही तर खेळ बंद, नव्या पेठेत मामाच्या मेडिकलवर बसेन. ही मुलगी बोलली की करते. सहा वर्षांची असताना एकदा वांगं खाणार नाही म्हणाली होती, अजून खाल्लेलं नाही.

मी तिथं कसा, तर तिला सोडायला गेलो होतो. सरावाला बेल वाजवायला आणलेला माणूस सोलापूरचं ऊन बघून आदल्याच दिवशी परत गेला होता आणि मॅनेजरबाई डोकं धरून बसल्या होत्या. मी म्हटलं, वेळ सांभाळायचं काम माझ्याकडे द्या. मुलीच्या सरावाला बाप बेल वाजवतोय हे चित्र बाईंना कॅमेऱ्यात छान दिसलं असणार, त्यांनी लगेच होकार दिला. रोज सकाळी सात ते अकरा. अट एकच, बोलायचं नाही.

संघ निवडताना महेश्वर सरांनी दीक्षाला दोनदा वरून खाली पाहिलं आणि सोडून दिलं. बिलाल सरांनी तिला सहाव्या पाळीला घेतलं. हा माणूस आपल्याच सोलापूरचा, वडील ट्रकवर ड्रायव्हर, स्वतः अकरा लढती खेळलेला आणि त्यातल्या सात हरलेला. घरी येऊन मी दीक्षाच्या आईला, मीनाला, म्हटलं, पोरगी हरणाऱ्याच्या हातात गेली. मीना भाकरी थापत म्हणाली, "मग हरू नये कसं, ते त्यालाच जास्त ठाऊक असंल की." बायकोचं बोलणं दोन महिन्यांनी पटतं, असा माझा जुना अनुभव आहे. त्या दिवशी पटलं नाही.

पहिली लढत महेश्वर सरांच्या मनालीशी झाली. मनाली पुण्याची, उंच, शांत डोक्याची. पहिला राउंड दीक्षानं मारला. दुसऱ्यात मनालीनं तिला उचलून खाली टाकली आणि पाठ मॅटला लागणार इतक्यात दीक्षानं गिरकी घेऊन पोट खाली केलं. मातीत हे बरोबरच आहे. पाठ लागली की चितपट, पालथा पडलेला पैलवान अजून जिवंत असतो. पण जाळीच्या आत हिशेब उलटा. तिथं पालथं पडणं म्हणजे मान समोरच्याच्या हातात देणं. मनालीनं मागून गळ्याभोवती हात घातला. नऊ सेकंदांनी दीक्षानं मॅटवर थाप मारली. थाप म्हणजे हार.

महेश्वर सरांनी कॅमेऱ्याला साडेचार मिनिटं समजावून सांगितलं की कुस्तीवाल्यांचं हे असंच असतं. ती आपल्या संघातली नाही याचा त्यांना विसर पडला होता. बिलाल सर मात्र खाली तिच्या शेजारी बसले आणि विचारलं, "पडताना काय वाटलं?"

दीक्षा म्हणाली, "पाठ लागंल असं वाटलं."

"हे कुणी शिकवलं?"

 तिची नजर बेलच्या टेबलाकडे आली, आणि बिलाल सरांची तिच्या मागोमाग.

शिकवलं मीच होतं. ती नऊ वर्षांची असताना, दारातल्या मोकळ्या जागेत, पोतं अंथरून. काही झालं तरी पालथी हो, पाठ लागली की संपलं. तरुणपणी वेळापूरच्या एका कुस्तीच्या फडात मी स्वतः चितपट झालो होतो आणि घरी येऊन दोन दिवस जेवलो नव्हतो. ती लाज मी पोरीला वारशानं दिली होती आणि त्याला शिकवण म्हणत होतो.

नियम असा होता की शेवटच्या चौघी ठरायच्या आधी प्रत्येक कोचला आपल्या हरलेल्यांपैकी एकीला परत लढत मागता येत होती, त्याच प्रतिस्पर्ध्याशी. बिलाल सरांच्या चार मुली हरल्या होत्या. त्यांनी दीक्षाचं नाव दिलं. जिंकणारी थेट शेवटच्या चौघींत जाणार होती. लढतीला दहा दिवस होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बेलच्या टेबलाशी आले. म्हणाले, "काका, तीन आठवडे मी हिच्या कानात ओरडतोय. हिचं अंग माझं ऐकत नाही, तुमचं ऐकतंय. तुमी झोपा."

मी विचारलं, कुठं.

"मॅटवर. उताणे."

मॅनेजरबाई दोन कॅमेरे घेऊन धावत आल्या. बाप लेकीसमोर चित होतोय, असा सीन त्यांना साऱ्या शोमध्ये मिळाला नसता. बिलाल सरांनी त्यांना नम्रपणे सांगितलं की हे शूट होणार नाही, कॅमेरा असला तर काका अभिनय करतील आणि मुलगी बघत बसेल. बाईंनी आठवण करून दिली की आत्तापर्यंतच्या भागांत तुम्ही जवळजवळ दिसलेलेच नाहीत, उत्तम कोचची मतं लोक कुणाला देणार. बिलाल सरांनी शेडचं दार ओढून घेतलं.

मी एकसष्ट वर्षांचा. गुडघे बसताना वाजतात, उठताना तक्रार करतात. चपला काढल्या, चष्मा दीक्षाकडे दिला आणि झोपलो. वर पत्रे, पत्र्यांना लटकणारे जुने पट्टे. पाठ मॅटला लागली आणि वेळापूरचा तो फड पुन्हा कानात गरजला.

"पप्पा, दुखतंय का?"

"दुखत नाही. लाज वाटती."

बिलाल सरांनी तिला माझ्या दोन पायांच्या मध्ये गुडघ्यांवर बसवलं आणि मला सांगितलं, दोन्ही पाय तिच्या कमरेला गुंडाळा, तिचं मनगट धरा. दीक्षानं हळू हळू बुक्क्या मारायचा प्रयत्न केला. एकही माझ्या तोंडापर्यंत पोचेना. मी तिला पायांनी ढकलत होतो, ओढत होतो. खाली होतो तरी तिला कुठं जायचं ते मी ठरवत होतो. पाठ लागली होती आणि काहीच संपलं नव्हतं. हे कळायला मला एकावन्न वर्षं लागली. दहाव्या वर्षी मातीत उतरलो तेव्हापासून मोजतोय.

मग मी उठलो आणि ती झोपली. नऊ दिवस, दिवसाला चाळीस वेळा तिला पाडायचं. पहिल्या दिवशी चाळीसपैकी तेहतीस वेळा ती पालथी झाली. नवव्या दिवशी चार वेळा. मी खूश होऊन आकडा सांगितला तर बिलाल सर म्हणाले, हरायला एक पुरते.

लढतीच्या दिवशी प्रत्येक कोचला कोपऱ्यात एक मदतनीस नेता येत होता. बिलाल सरांनी आपल्या नेहमीच्या माणसाला बाहेर बसवलं आणि मला नेलं. मी म्हटलं, मला यातलं काय कळतं. ते म्हणाले, तिला कळतंय, तुम्ही फक्त आवाज न्या.

पहिला राउंड बरोबरीचा झाला. दुसऱ्यात मनालीनं पुन्हा तीच उचल केली. दीक्षा पडली, आणि तिचा उजवा खांदा वळायला लागला. तो खांदा मी ओळखतो. पोत्यावर तो मीच वळवला होता. बिलाल सर माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, एवढंच.

मी ओरडलो, "दीक्षा, पाठ टेक!"

खांदा थांबला. तिनं पाठ टेकली. पाय मनालीच्या कमरेला गेले. दोन बुक्क्या लागल्या, एकीनं नाक फुटलं. तिसरीला दीक्षानं मनालीचा हात धरला, कंबर फिरवली, तो हात दोन्ही मांड्यांत अडकवून कोपर उलट ताणलं. मनालीनं मॅटवर थाप मारली. दुसऱ्या राउंडचं एक मिनिट सदतीस सेकंद. दीक्षा शेवटच्या चौघींत होती; त्यांतली पहिली कोण, ते ठरवायच्या लढती बाकी होत्या.

महेश्वर सर मनालीला जवळ घेऊन रडले. थोडं कॅमेऱ्याकडे तोंड होतं, पण रडले खरं. त्यांच्याही खात्यात हे लिहायला पाहिजे.

तो भाग पुढं दाखवला तेव्हा माझी आरोळी तीनदा दाखवली, मागे संगीत लावून. बिलाल सर दिसले एकूण अकरा सेकंद. नऊ दिवसांचा सराव कुठंच नाही, कारण दार बंद होतं. लोकांच्या मतांत उत्तम कोच महेश्वर सर ठरले. आमच्या गल्लीत आता मला कोच म्हणतात. मी प्रत्येकाला थांबवून सांगतो की बाबा रे, ज्याला म्हणायला पाहिजे तो त्या भागात डाव्या बाजूला अर्धा दिसतोय. ऐकून घेतात, आणि निघताना म्हणतात, येतो कोच.

पण ते नंतरचं. लढतीच्या दुसऱ्या सकाळी मी मीनानं दिलेली शेंगाची चटणी घेऊन शेडवर गेलो. रात्री पाठ करून ठेवलं होतं, काय बोलायचं ते. जय भीम म्हटलं. "जय भीम, काका," म्हणत त्यांनी डबा घेतला, उघडून वास घेतला. मी म्हटलं, सर, तुम्ही माझी चूक माझ्याच हातानं दुरुस्त करून घेतली आणि कुणासमोर तिला चूक म्हटलं नाहीत. तुमचे उपकार आहेत. पुढचं पाठांतर विसरलो.

ते थोडे अवघडले. मग म्हणाले, "काका, एक सांगू? उद्यापासून येऊ नका."

मी विचारलं, का.

"काल तिनं तुमचं ऐकून पाठ टेकली. पुढच्या वेळी कुणी न सांगता टेकायला पाहिजे. मी पण कोपऱ्यात गप्पच बसणार आहे."

गिरणी बंद करताना साहेबानं कामावरून काढलं तेव्हा मी त्याला जिन्यापर्यंत शिव्या घातल्या होत्या. या माणसानं काढलं तर माझे हात जोडले गेले. बेल त्यांच्या टेबलावर ठेवली आणि अकरा वाजायची वाट न बघता निघालो. दीक्षा मॅटवर होती, तिनं पाहिलंही नाही.

मुलींना शनिवारी घरी फोन करू द्यायचे. तिचा आला. आईशी वीस मिनिटं बोलली, पुढच्या लढतीत ती काय करणार आहे ते सगळं सांगितलं. माझी चौकशी अर्धा मिनिट, तीही तब्येतीची. डाव कोणता लावू, असं नऊ वर्षांची असल्यापासून ती मला विचारत आलेली. त्या दिवशी विचारलं नाही. मी मीनाशेजारी घड्याळ बघत बसलो होतो. मीनानं विचारलं, एवढं का हसताय. मी म्हटलं, पोरीनं मला काही विचारलं नाही.

मीनानं माझ्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता.